उत्तर ठाऊक असतं, तरी निर्णय अडतो

मोठ्या कंपन्यांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास विचारला जातो. यांच्याकडे आकडे काढणारे विभाग असतात, भरमसाट फी घेणारे सल्लागार असतात, बाजाराची पाहणी करणाऱ्या संस्था दिमतीला असतात. मग यांचे निर्णय वर्षानुवर्षं का रेंगाळतात? जी गोष्ट रस्त्यावरच्या माणसाला दिसत होती, ती मालकाला कशी दिसली नाही?

प्रश्नात थोडी खोच असते, पण प्रश्न योग्य आहे. माझं उत्तर असं की बहुतेक वेळा मालकालाही ती दिसलेली असते. दिसणं आणि मान्य करणं यांच्यात मात्र एखादं वर्ष सहज निघून जातं, आणि तेवढ्या वर्षात कंपनीचं बरंच काही जातं. चांगले उद्योजक निर्णय कसे घेतात हे बघायला गेलं, तर त्यांच्याकडे भविष्य पाहण्याची काही विद्या सापडत नाही. स्वतःला आतून ठाऊक असलेलं उत्तर स्वतःलाच ऐकू यावं, यासाठी त्यांनी केलेल्या काही युक्त्या सापडतात. या प्रकरणात त्या एकेक करून पाहू.

१. किचकट वेगळं, अवघड वेगळं

समजा, एका कंपनीला गोदाम काढायचं आहे: भिवंडीत की नाशिकजवळ? भाडं, डिझेल, टोल, रोज किती ट्रक भरतात, माल कुठे जातो, अशा पंचवीस गोष्टींचा हिशेब मांडावा लागेल. काम किचकट आहे. पण हिशेब नीट मांडला की उत्तर आपोआप पुढे येतं आणि त्यावरून कुणाची झोप उडत नाही.

आता दुसरं उदाहरण. वडिलांनी चाळीस वर्षांपूर्वी सुरू केलेला विभाग गेली चार वर्षं तोट्यात आहे. ज्या वस्तूमुळे कंपनीचं नाव झालं, तीच वस्तू तिथे बनते. दोनशे माणसं कामाला आहेत, त्यातली काही वडिलांच्या वेळची. हा विभाग बंद करायचा का? याचं गणित अर्ध्या कागदावर मावतं, तरी निर्णय होत नाही. हा अवघड निर्णय.

किचकट निर्णयात माहिती कमी पडते. अवघड निर्णयात माहिती पुरेशी असते, पण उत्तराची किंमत कुणाला तरी मोजावी लागणार असते, आणि बऱ्याचदा ‘आपण कोण’ या समजुतीलाच धक्का बसणार असतो. म्हणून अवघड निर्णय समोर आला की माणसं आणखी माहिती मागवतात. एक समिती नेमतात, एक अहवाल मागवतात. तो किचकट आहे असं भासवलं की थोडा वेळ मिळतो.

२. आकाशपाळणा दिसणारी खिडकी

हे कसं घडतं याचा सगळ्यात प्रामाणिक वृत्तांत अँडी ग्रोव्ह यांनी लिहून ठेवला आहे. ग्रोव्ह मूळचे हंगेरीचे. १९५६ च्या उठावानंतर देश सोडून अमेरिकेत आले, शिकले आणि इंटेल या कंपनीत अगदी सुरुवातीपासून काम करू लागले. रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेली ही कंपनी आज आपल्याला संगणकाच्या प्रोसेसरमुळे, म्हणजे आकडेमोड करणाऱ्या मुख्य चिपमुळे ठाऊक आहे. पण तिचा जन्म झाला तो मेमरी चिपसाठी. मेमरी म्हणजे संगणक काम करत असताना माहिती तात्पुरती धरून ठेवणारा भाग. १९७० मध्ये इंटेलने बाजारात आणलेल्या मेमरी चिपनं त्या धंद्याची दिशाच बदलली. मेमरी म्हणजे इंटेल आणि इंटेल म्हणजे मेमरी, असं कंपनीतला प्रत्येक जण मानत होता.

१९८० च्या दशकात जपानी कंपन्या उतरल्या. त्यांच्या चिप स्वस्त होत्या आणि दर्जालाही सरस होत्या, हे जास्त बोचणारं होतं. इंटेलचा वाटा घसरत गेला. बैठकांमागून बैठका झाल्या. मोठा कारखाना काढावा, आणखी प्रगत चिप करावी, एखादा खास कोपरा शोधावा, असे प्रस्ताव येत राहिले आणि दरमहा तोटा होत राहिला.

१९८५ च्या मध्याला एके दिवशी ग्रोव्ह आपल्या खोलीत मूर यांच्याशी बोलत बसले होते. मूर कंपनीचे प्रमुख, ग्रोव्ह त्यांच्या खालोखाल. खिडकीतून लांबवर ग्रेट अमेरिका नावाच्या करमणूक बागेतला आकाशपाळणा फिरताना दिसत होता. दोघंही वैतागलेले. ग्रोव्ह यांनी विचारलं: संचालकांनी उद्या आपल्याला काढून टाकलं आणि बाहेरचा नवा माणूस आणून बसवला, तर तो काय करेल? मूर यांना विचार करावा लागला नाही. तो मेमरीतून बाहेर पडेल, ते म्हणाले. ग्रोव्ह क्षणभर सुन्न झाले. मग म्हणाले, तर आपणच दाराबाहेर जाऊन पुन्हा आत येऊ आणि तेच करू.

ही गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गांत इतक्या वेळा सांगितली जाते की तिची धार गेली आहे. म्हणून तिच्याकडे जरा सावकाश बघू. त्या प्रश्नामुळे दोघांना नवी माहिती कोणती मिळाली? कोणतीही नाही. तोट्याचे आकडे तेच होते, जपानी कंपन्या त्याच होत्या. बदललं एवढंच, की उत्तर देणाऱ्या काल्पनिक माणसाच्या अंगावर पंधरा-सोळा वर्षांचा इतिहास नव्हता. त्याला मेमरीचा अभिमान नव्हता, आणि आधीच्या चुका त्याच्या नावावर नव्हत्या. मूर यांना उत्तर चटकन देता आलं, कारण ते त्यांच्याकडे तयारच होतं.

गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त शिकवणारा वाटतो, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. उत्तर मिळाल्यावरही ग्रोव्ह अडखळले. सहकाऱ्यांशी बोलताना त्यांच्या तोंडून शब्द नीट फुटेनात. मेमरीच्या एका अधिकाऱ्यानं त्यांना पटवलं आणि जी चिप विकायचीच नाही असं मनोमन ठरलं होतं, तिचं संशोधन काही काळ चालू ठेवायला त्यांनी परवानगी दिली. ग्रोव्ह यांच्याइतका कठोर म्हणून प्रसिद्ध असलेला माणूस हे करतो, यातच सगळं आलं. शेवटी विक्री विभागानं ग्राहकांना धीर एकवटून बातमी सांगितली, तेव्हा ग्राहकांनी फारसं मनावर घेतलं नाही. तुम्हाला बराच वेळ लागला, असं काही जण म्हणाले.

कारखान्याला तर ते आधीच कळलं होतं. इंटेलमध्ये सिलिकॉनच्या चकत्यांवर चिप तयार होत, आणि कोणत्या मालाला किती चकत्या द्यायच्या ते दर चकतीमागे किती नफा सुटतो त्यावर ठरे. प्रोसेसरमध्ये नफा जास्त, म्हणून नियोजन करणारी मधल्या फळीतली माणसं महिन्यामागून महिना मेमरीच्या चकत्या कमी करत गेली. वरच्या मजल्यावर चर्चा रंगली होती तेव्हा खाली निम्मा निर्णय होऊन गेला होता, एका साध्या नियमामुळे.

किंमतही सांगायला हवी. कारखाने बंद झाले, हजारो माणसांच्या नोकऱ्या गेल्या आणि १९८६ साली कंपनीला १७ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. नंतर प्रोसेसरनं इंटेलला जगातली सर्वांत मोठी चिप कंपनी केलं म्हणून आपण ही गोष्ट वाचतो. त्या वर्षी नोकरी गेलेल्या माणसाला ती अशी वाटली नसणार.

३. मागे फिरता येईल का?

भाजीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं; जास्त पडलं की पंचाईत. म्हणून जाणती गृहिणी तेल-तिखटाला हात सैल सोडते आणि मिठाला आवरते. ॲमेझॉनचे जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या एका वार्षिक पत्रात निर्णयांची हीच विभागणी केली आहे, दारांच्या भाषेत. काही दारांतून परत येता येतं, काहींतून नाही. परतीचे निर्णय खालच्या माणसांनी झटपट घ्यावेत. एकेरी निर्णय सावकाश आणि चार जणांशी बोलून घ्यावेत. मोठ्या कंपन्यांची खोड अशी की दोन्हींना एकच संथ पद्धत लावायची. पाकिटाचा रंग ठरवायला तीन महिने आणि कारखान्याची जागा ठरवायलाही तीनच!

आपल्याकडे उलटंही दिसतं. एखाद्या लग्नात भेट झाली, गप्पांत सूत जुळलं, आणि आयुष्यभराची भागीदारी जेवणाच्या पंगतीत ठरली.

४. सरासरीनं फायदा, पण एकदाच डाव

आता थोडं गणित. समजा, भोसरीच्या एमआयडीसीत एका गृहस्थांचं मशिन शॉप आहे. वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवतात. गाठीला ५० लाख रुपये आहेत. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या एका भागासाठी नवी मशिन घ्यावी का, हा प्रश्न आहे. ऑर्डर टिकली तर तीन वर्षांत ४० लाखांचा निव्वळ फायदा. ऑर्डर फिसकटली तर मशिन पडेल भावात विकून ४५ लाखांचं नुकसान. ऑर्डर टिकण्याची शक्यता त्यांना ६० टक्के वाटते.

सरासरी काढू. ४० लाखांचे ६० टक्के म्हणजे २४ लाख. ४५ लाखांचे ४० टक्के म्हणजे १८ लाख. वजाबाकी ६ लाख, फायद्याच्या बाजूला. म्हणजे घ्यावी?

थांबा. सरासरी खरी ठरते ती असा डाव पुष्कळ वेळा खेळता आला तर. हे गृहस्थ तो एकदाच खेळणार आहेत. डाव फसला तर हाती ५ लाख उरतील. पगार आणि वीजबिल मिळून महिन्याला ४ लाख लागतात आणि बिलाचे पैसे ९० दिवसांनी येतात. (लहान उद्योगाचं देणं ४५ दिवसांत चुकतं करावं असा कायदा आहे. कायदा आणि बिलं बहुधा वेगवेगळ्या रस्त्यानं येतात.) म्हणजे नुसतं तग धरायला १२ लाख हवेत. सरासरीनं ६ लाख मिळवून देणारा हा निर्णय दहापैकी चार वेळा दुकान बंद पाडतो.

पहिला नियम यातून निघतो: फायदा किती हे विचारण्याआधी, फसलो तर उभे राहू का, हे विचारायचं.

दुसरी गोष्ट त्या ६० टक्क्यांची. हा आकडा आला कुठून? अंदाजानं. मग उलट प्रश्न विचारावा: शक्यता किती खाली गेली तर हिशेब तोट्यात जाईल? गणित केलं तर उत्तर ५३ टक्क्यांच्या आसपास येतं. ६० आणि ५३ यांतला फरक सांगण्याइतकी बारीक नजर कोणाकडेही नसते. म्हणजे पंचाईत फायद्या-तोट्याची नसून आपल्याला काही ठाऊकच नाही ही आहे, आणि ती कबूल केली की तिसरा मार्ग सुचू लागतो.

तो असा. जुनी मशिन १२ लाखांना घ्यायची, अर्धं काम शेजारच्या शेडला जॉबवर्कवर द्यायचं. यश आलं तर फायदा फक्त १४ लाख. फसलं तर नुकसान १० लाख. सरासरी: ८ लाख ४० हजार वजा ४ लाख, म्हणजे ४ लाख ४० हजार. आधीपेक्षा कमी. पण फसल्यावरही हाती ४० लाख आहेत आणि वर्षभरात ऑर्डरचा खरा रंग कळलेला आहे. अनुभवी उद्योजक ‘हो की नाही’ या प्रश्नावर फार वेळ घालवत नाहीत. प्रश्नाचा आकार बदलता येतो का ते आधी बघतात.

५. बुडालेला पैसा

एक प्रकल्प घ्या. १५ कोटी खर्च झाले आहेत, पुरा करायला आणखी ५ लागतील, पुरा झाल्यावर ४ कोटी मिळतील. थांबावं. त्याऐवजी ७ मिळणार असतील तर पुरा करावा, एकूण तोटा असला तरी. दोन्ही हिशेबांत ते १५ कोटी कुठेच येत नाहीत, कारण ते आता आपल्या निर्णयानं परत येणार नाहीत. पुढे किती जाणार आणि पुढे किती येणार, एवढंच बघायचं. हे लिहायला एक परिच्छेद लागला. पाळायला जन्म जातो.

सिंगूरचं उदाहरण आपल्याला आठवत असेल. टाटा मोटर्सनं पश्चिम बंगालच्या हुगळी जिल्ह्यात नॅनो गाडीचा कारखाना काढायचं २००६ मध्ये जाहीर केलं. सुमारे १,००० एकर जमिनीचं संपादन झालं, शेतकऱ्यांच्या एका गटानं विरोध केला, आंदोलन पेटलं. कारखाना बराचसा उभा राहिला होता. ३ ऑक्टोबर २००८ रोजी रतन टाटा यांनी तिथून बाहेर पडत असल्याचं सांगितलं. त्यानंतर काही दिवसांत गुजरातमधलं साणंद ठरलं आणि २०१० च्या जूनमध्ये तिथला कारखाना सुरूही झाला. सिंगूरमध्ये ओतलेल्या पैशाकडे बघून आणखी दोन वर्षं तिथे थांबण्याचा मोह कोणालाही झाला असता. पुढे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते जमीन संपादनच रद्द केलं. आत शिरताना संपादनाचा प्रश्न नीट जोखला होता का, हा वेगळा वाद आहे. बाहेर पडणं मात्र स्वच्छ होतं.

आता गंमत बघा. जागेच्या बाबतीत जमलं ते गाडीच्या बाबतीत जमलं नाही. नॅनोचा खप अपेक्षेच्या जवळपासही गेला नाही, तरी ती २०१८ पर्यंत रखडत चालली. सायरस मिस्त्री यांना २०१६ मध्ये टाटा सन्सच्या अध्यक्षपदावरून हटवलं गेलं तेव्हा त्यांनी संचालकांना लिहिलेलं पत्र बाहेर आलं. नॅनो बंद करण्याचा निर्णय केवळ भावनिक कारणांमुळे अडला, असा त्यांचा त्यात दावा होता. ते पत्र भांडणातलं आहे आणि टाटा सन्सनं त्यातले आरोप फेटाळले होते, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावं. तरी एक गोष्ट सरळ आहे. जमीन ही टाटांची ओळख नव्हती. सामान्य माणसाची लाखाची गाडी ही मात्र एका माणसानं जगाला दिलेली जबान होती. बुडालेला पैसा सोडता येतो. दिलेला शब्द गुंतला की तोच हिशेब जड होतो.

६. सगळे ‘हो साहेब’ म्हणतात तेव्हा

जनरल मोटर्स या मोटार कंपनीचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांचा एक किस्सा व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी नोंदवला आहे. वरिष्ठांच्या बैठकीत एका प्रस्तावावर सगळ्यांचं एकमत झालं. स्लोन यांनी तो मंजूर केला नाही. विरोधी मत तयार व्हायला वेळ मिळावा म्हणून विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. सगळे लगेच ‘हो’ म्हणतात याचा अर्थ विचार कुणीच केलेला नाही, असा त्यांचा कयास होता.

आपल्या कचेऱ्यांत हे एकमत फार स्वस्त मिळतं. साहेब आधी बोलतात, मग बाकीचे साहेबांचंच म्हणणं थोड्या वेगळ्या शब्दांत मांडतात. घरच्या कंपनीत तर समोर काका बसलेले असतात. त्यांचा प्रस्ताव पाडायचा म्हणजे दिवाळीचा फराळ कडू करायचा. खरी चर्चा बैठक संपल्यावर पार्किंगमध्ये होते आणि तिचं इतिवृत्त लिहिलं जात नाही.

यावर मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी सुचवलेला उपाय मला फार उपयोगी वाटतो. इंग्रजीत त्याला प्रीमॉर्टेम म्हणतात: मरणानंतर होतं ते पोस्टमॉर्टेम, हे मरणाआधीचं. प्रस्ताव जवळपास पक्का झाल्यावर सर्वांना सांगायचं, ‘एक वर्ष उलटलं आहे. प्रकल्प साफ बुडाला आहे. का बुडाला ते प्रत्येकानं पाच मिनिटांत कागदावर लिहा.’ कुणी बोलायचं नाही. मग एकेकानं एकेक कारण वाचायचं.

‘बुडेल का?’ असं विचारलं तर हाताखालचा माणूस गप्प बसतो, कारण ‘हो’ म्हटलं तर साहेबांना विरोध होतो. ‘बुडाला, का बुडाला?’ असं विचारलं की कारण सांगणं हेच त्याचं काम होऊन बसतं. मग साच्यांचा विभाग लिहितो, पुण्यात हे साचे करणारे दोनच कारखाने आहेत आणि दोघांकडे आधीच गर्दी आहे. हिशेबनीस लिहितो, बँकेनं कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवली नाही. विक्रीतला सर्वांत तरुण मुलगा लिहितो, दुकानदारांनी मालाला पुढच्या फळीवर जागाच दिली नाही. ही सगळी माहिती कालही त्याच खोलीत बसलेली होती.

७. घाईच्या वेळी उघडायचा कागद

काही निर्णयांना विचार करायला वेळच नसतो. १९८२ च्या सप्टेंबरअखेर शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक कॅप्सूल घेऊन सात जणांचा मृत्यू झाला. दुकानातल्या बाटल्यांत कोणीतरी सायनाइड मिसळलं होतं. हा गुन्हेगार आजतागायत सापडलेला नाही. जॉन्सन अँड जॉन्सनचे प्रमुख जेम्स बर्क यांनी देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत घेतल्या. खर्च १० कोटी डॉलरच्या वर गेला. सायनाइडच्या कॅप्सूल शिकागो परिसराबाहेर सापडल्या नव्हत्या, तरीही.

एवढा झटपट निर्णय झाला, कारण त्याचा अवघड भाग आधीच उरकला होता. त्या काळचे प्रमुख रॉबर्ट वुड जॉन्सन यांनी १९४३ मध्ये कंपनीच्या जबाबदाऱ्यांचा क्रम लिहून ठेवला होता: आधी औषध वापरणारे, मग कामगार, मग समाज, शेवटी भागधारक. आणि टायलेनॉलच्या काही वर्षं आधी बर्क यांनी अधिकाऱ्यांना बसवून सरळ विचारलं होतं की हे खरंच पाळायचं आहे की भिंतीवरून काढून टाकायचं? वाद झाले, आणि त्या वादांत कागद पुन्हा जिवंत झाला. पुढच्या काळात याच कंपनीला टाल्कम पावडरीच्या हजारो खटल्यांना तोंड द्यावं लागलं. वाद घालणारी माणसं गेली की कागद पुन्हा नुसता भिंतीवर लटकतो.

८. बजाजची स्कूटर: निर्णय बरोबर होता का?

शेवटी आपल्याकडे, बजाजच्या आकुर्डीत येऊ. बजाज चेतक १९७२ मध्ये आली. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचे ते दिवस. लग्नाच्या बोलण्यांत तिचा विषय निघे. राहुल बजाज यांची कंपनी म्हणजे स्कूटर, हे समीकरण देशभर पक्कं होतं.

पुढे मोटरसायकलींनी बाजार काबीज केला. राहुल बजाज यांचे चिरंजीव राजीव बजाज यांनी २००१ मध्ये पल्सर आणली आणि कंपनी सावरली. बिनगिअरच्या स्कूटरमध्येही कंपनीनं हात घालून पाहिला होता: सनी, स्पिरिट, सफायर, वेव्ह, क्रिस्टल. एकही नीट रुजली नाही. डिसेंबर २००९ मध्ये राजीव बजाज यांनी स्कूटर पूर्ण बंद करत असल्याचं जाहीर केलं. आपण मोटरसायकलींचे तज्ज्ञ व्हायचं, सगळं थोडं थोडं करायचं नाही, हा त्यांचा विचार. अध्यक्षपदी असलेल्या वडिलांनी आपल्याला हे आवडलं नसल्याचं उघडपणे सांगितलं. बाहेरचा नवा माणूस काय करेल, या ग्रोव्ह यांच्या प्रश्नाचं उत्तर इथे घरातल्याच मुलानं दिलं होतं.

मग झालं काय? होंडाच्या ॲक्टिव्हानं स्कूटरला पुन्हा दिवस आणले. २०१६ च्या सुमारास ती देशातली सर्वाधिक खपाची दुचाकी झाली आणि बाजारातला साधारण तिसरा हिस्सा स्कूटरचा झाला. त्यात बजाजचं काहीच नव्हतं. उलट बाजूनं पाहिलं तर बजाजनं निर्यात वाढवली, नफ्याचं प्रमाण चांगलं राखलं आणि जानेवारी २०२१ मध्ये तिचं बाजारमूल्य १ लाख कोटींच्या पुढे गेलं. दोन्ही पक्षांना आपापले आकडे सापडतात.

निकालावरून निर्णय जोखायची सवय आपल्याला असते. ती सोडली तर विचारायचं एवढंच की त्या दिवशी हाताशी काय होतं. पाच गाड्या आपटल्या होत्या, मनुष्यबळ मर्यादित होतं, पल्सर धावत होती. माझ्या मते २००९ चा निर्णय बरोबर होता. चूक असलीच तर ती नंतरची. स्कूटर पुन्हा वाढताना दिसत होती तेव्हाही आपण स्कूटरकडे परतणार नाही, असं कंपनी अनेक वर्षं ठामपणे सांगत राहिली. ‘आम्ही मोटरसायकलवाले’ ही नवी ओळख जुन्या ओळखीइतकीच घट्ट बसली होती. चेतक हे नाव रस्त्यावर परत आलं ते २०२० मध्ये, विजेवर.

इंटेललाही यातून सुटका मिळाली नाही. प्रोसेसरची राणी झालेल्या या कंपनीकडे ॲपलनं आयफोनच्या चिपसाठी विचारणा केली होती. ॲपल देऊ करत असलेला भाव इंटेलच्या अंदाजित खर्चापेक्षाही कमी होता, म्हणून नकार गेला. खर्चाचा अंदाज चुकीचा ठरला आणि खप कोणी कल्पिला होता त्याच्या शंभरपट निघाला, असं त्या वेळचे प्रमुख पॉल ओटेलिनी यांनी २०१३ मध्ये पद सोडताना सांगितलं. मन ‘हो’ म्हणत होतं, हेही त्यांनी कबूल केलं.

यावर मला ठाऊक असलेला उपाय अगदी रूक्ष आहे. निर्णयाच्या कागदावरच खाली लिहून ठेवायचं की तो पुन्हा केव्हा उघडायचा. तारीख, आणि तारखेआधी उघडायला लावणारी खूण. भोसरीच्या त्या गृहस्थांनी जुनी मशिन घेतली असेल तर त्यांच्या कागदावर अशा ओळी हव्यात: ‘सलग तीन महिने शेड्यूल ठरल्याच्या निम्म्याखाली आलं तर जॉबवर्क थांबवून पुन्हा बसायचं. सहा महिने पूर्ण शेड्यूल आलं आणि पेमेंट ६० दिवसांच्या आत आलं, तर नव्या मशिनचा विषय पुन्हा घ्यायचा. दोन्ही नाही झालं तरी ३१ मार्चला कागद उघडायचा.’ खाली सही, तारीख, आणि एक प्रत हिशेबनिसाकडे, कारण मालक तो कागद हरवण्याची शक्यता ६० टक्क्यांहून बरीच जास्त आहे.